‘ऐकणारा’ मुलगा वाचत का नव्हता?

समुपदेशक म्हणून शिक्षकांशी बोलताना एक काळजी हमखास पुढे येते: “वर्गात चाळीस मुलं. कुणाला बघून समजतं, कुणाला ऐकून, कुणाला हातानं करून. प्रत्येकाला त्याच्या पद्धतीनं कसं शिकवायचं?” पाचवीच्या एक वर्गशिक्षिका हेच विचारायला आल्या. त्यांच्या वहीत प्रत्येक नावापुढे ‘ब’, ‘ऐ’ किंवा ‘क’ लिहिलेलं होतं. मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन त्यांनी गट पाडले होते आणि एकाच पाठाची तीन टाचणं, म्हणजे शिकवण्याचे तीन आराखडे, काढत होत्या.

“रात्री अकरापर्यंत लिहीत बसते, मॅडम. तरी कुणावर तरी अन्याय होतोय असं वाटतं.”

“बाई, ‘क’ गटाला कविता कशी शिकवता?”

“तिथंच तर अडतं!”

अडणारच. साधन ठरतं ते विषयावरून. नकाशा बघावाच लागतो, कविता ऐकावीच लागते, लांबी हातानं मोजावीच लागते, मूल कोणत्याही गटातलं असो. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, पण आवडीच्या पद्धतीनं शिकवल्यामुळे ती जास्त शिकतात याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. खरे फरक असतात ते आधी काय येतं, वाचनाचा वेग किती, घरची भाषा कोणती यांत. मी शिक्षकांना नेहमी तिकडेच बघायला सांगते.

“तुमच्या यादीतला सगळ्यात पक्का ‘ऐ’ कोण?” मी विचारलं.

त्यांनी लगेच एक नाव सांगितलं. “तोंडी सगळं येतं त्याला. लिहायला दिलं की पेन्सिल शोधत बसतो. ऐकून शिकणारा आहे, म्हणून मी त्याला वाचायला लावतच नाही.”

“त्यानं मोठ्यानं शेवटचं कधी वाचलं?”

बाईंना आठवेना. मी एवढंच सुचवलं: त्याला एकटं बसवा, दुसरीच्या पुस्तकातला न वाचलेला उतारा द्या, तो वाचताना मधे दुरुस्त करू नका, फक्त कुठे अडतो ते टिपून ठेवा.

पुढच्या भेटीत त्या खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागल्या. “ओळी गाळतो. जोडाक्षर आलं की थांबतो, नाहीतर पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतो. मॅडम, त्याला वाचता येत नाही, म्हणून तो ऐकतो!”

समुपदेशनात याहून मोलाचा क्षण नसतो, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ज्या अक्षरानं मुलाला समजून घ्यायचं होतं, त्याच अक्षराआड त्याची अडचण झाकली गेली होती. आवड दिसली की ‘यामागे काही टाळणं आहे का?’ हा प्रश्न आधी विचारावा.

अशा मुलाची आधी नजर आणि श्रवण तपासून घ्यावं, पालकांशी बोलावं आणि नियमित वाचनसराव देऊनही फरक पडला नाही तर तज्ज्ञांकडून मूल्यांकन करावं. ‘डिस्लेक्सिया (वाचनातली विशिष्ट अक्षमता) आहे’ असं शिक्षकांनी परस्पर सांगू नये. विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाविष्ट आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

तीन टाचणांच्या जागी आम्ही एक केलं, सगळ्या वर्गासाठी. विषय होता 3/4 मोठा की 2/3. प्रत्येकाला 24 सेंटीमीटरच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या. 24च का? तिचे चार भाग 6चे आणि तीन भाग 8चे, दोन्ही पूर्ण संख्या. पट्ट्यांची लांबी जराही वेगळी असली तर तुलना चुकते, म्हणून त्या बाईंनीच कापायच्या. चार भाग घडी घालून होतात. घडी घालून तीन सारखे भाग मुलांना जमत नाहीत, तिथे फूटपट्टीनं मोजून खुणा करायच्या. रंगवल्यावर 18 आणि 16 सेंटीमीटर शेजारी-शेजारी दिसतात. मग पट्ट्या दप्तरात आणि तीच आकृती वहीत. संख्या त्यानंतर. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांचा कृती, चित्र, चिन्ह हा क्रम मला गटवारीपेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो. पुष्कळदा गडबड होते ती मुलं पट्ट्यांतच रमतात आणि चिन्हापर्यंत पोचतच नाहीत तेव्हा, म्हणून पट्ट्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नयेत.

फळ्यावर आकृती काढतानाच बोलावं. मात्र फळ्यावरची वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवू नयेत. प्रश्न विचारल्यावर निदान तीन सेकंद थांबावं, नाव नंतर घ्यावं. तासाच्या शेवटी पुस्तक मिटून चार प्रश्न. त्यांतलेच दोन पुन्हा दुसऱ्या दिवशी, उरलेले दोन एका आठवड्यानं.

त्या मुलाला आता रोज दहा मिनिटं, बाईंजवळ बसून, सोपा उतारा मिळतो: आधी बाई वाचतात, मग दोघं एकत्र, मग तो एकटा. वर्गासमोर वाचायला त्याला अवचित उभं करत नाहीत; कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगून ठेवतात.