बाग तारण ठेवून चोवीस तासांचं चॅनेल?

देवगड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. धंदा लग्नाच्या शूटिंगचा. तीन वर्षं ते टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. आता त्यांना कोकणातल्या खेळांचं चोवीस तासांचं चॅनेल काढायचंय, यूट्यूबवर आणि गावच्या केबलवरही. खर्च 22 लाख: वडिलांच्या निवृत्तीची 6 लाखांची एफडी, स्वतःचा 1 लाख, आणि हापूसची बाग तारण ठेवून 15 लाखांचं कर्ज. शेवटी विचारतात, 'ईएसपीएन पण नोकरी गेलेल्या माणसानेच काढलं ना?'

हो, त्यानेच. ईएसपीएन हे अमेरिकेतलं खेळांचं चॅनेल काढणाऱ्या बिल रासमुसेन यांची हॉकी संघातली नोकरी 1978 मध्ये गेली. कनेक्टिकट या त्यांच्या राज्यातले स्थानिक सामने केबलवर दाखवावेत, एवढाच त्यांचा आणि मुलगा स्कॉटचा बेत होता. उपग्रहावरची वेळ भाड्याने घ्यायला गेले तेव्हा आरसीए कंपनीचा दर कळला: रात्रीचे पाच तास घेतले तर 1,250 डॉलर, पण अख्खे चोवीस तास महिनाभरासाठी 34,167, म्हणजे दिवसाला त्याहून कमीच. चोवीस तासांची कल्पना पक्की झाली ती या दरपत्रकावरून.

तुमच्याकडे हिशेब नेमका उलटा आहे. यूट्यूबवर वेळ फुकट मिळतो, पैसे लागतात ते तो भरायला. वर्षाचे तास 8,760. तुम्ही लिहिता तशा मोसमात 40 स्पर्धा, प्रत्येकी तीन दिवस, दिवसाला आठ तास धरले तरी 960 तास होतात. बाकीचे आठ हजार तास काय दाखवणार? मृग लागला की मैदानात चिखल, दिवाळीपर्यंत कॅमेरा पिशवीत. हप्त्याला मात्र पावसाळा नसतो. 15 लाख, 12 टक्के, सात वर्षं म्हणजे महिना साधारण 26,500. पावसाळ्याच्या चार महिन्यांतच लाखाच्या वर जातात.

रासमुसेन यांनी सुरुवातीचे पैसे क्रेडिट कार्डावर उचलले, ती गोष्ट सगळ्यांना आवडते. पण मोठी रक्कम गेटी ऑइलची होती, 1 कोटी डॉलर, आणि त्याबदल्यात 85 टक्के मालकी गेली. 7 सप्टेंबर 1979 ला चॅनेल सुरू झालं तेव्हा अध्यक्षपदी एनबीसी या मोठ्या टीव्ही कंपनीतून आणलेले चेट सिमन्स होते. पुढची तोट्याची वर्षं गेटीने सोसली, रासमुसेन यांच्या वडिलोपार्जित जमिनीने नव्हे. आणि कालांतराने केबलवाले ग्राहकामागे ईएसपीएनला पैसे देऊ लागले. तुमचा केबलवाला तर तुमच्याकडूनच महिना 20 हजार मागतोय! ते आधी थांबवा.

बागेबद्दल स्पष्टच सांगते. तुमच्या सातबाऱ्यावर काका आणि दोन आत्यांची नावं आहेत. त्यांच्या सह्यांशिवाय बँक तारण घेणार नाही, आणि सह्या मागायला गेलात की काय काय उकरून निघेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शिवाय बागेच्या उत्पन्नावर हप्ता फेडू म्हणता, ते कसं? तौक्तेने मे 2021 मध्ये ऐन हंगामात काय केलं ते तुम्ही पाहिलंय. आंब्याचा धोका आणि चॅनेलचा धोका एकाच दाव्याला बांधू नका. वडिलांच्या एफडीलाही हात लावू नका, त्यांच्या औषधपाण्याचं दुसरं साधन पत्रात मला दिसलं नाही.

तुमच्या हातात जे आहे ते मात्र कमी नाही. नालासोपारा, विरार, लालबागला बसलेला चाकरमानी वाडीच्या संघाची मॅच मोबाइलवर बघतो, स्क्रीनवर संघाचं नाव चुकलं तर फोन करून भांडतो. असा प्रेक्षक विकत मिळत नाही. त्यासाठी दुसरा कॅमेरा, चांगला माइक आणि स्कोअरबोर्डचं सॉफ्टवेअर पुरे. 4 लाखांचं मुद्रा कर्ज घ्या, त्याला तारण लागत नाही. गणपतीत मुंबईची मंडळं गावी येतात, तेव्हाच आयोजकांशी मोसमाचे लेखी करार करा आणि तिसरा हिस्सा आगाऊ घ्या. प्रायोजक मॅचमागे न धरता वर्षावर धरा. (आणि षटकांच्या मधे डीजेची गाणी बंद करा, कॉपीराइटच्या दाव्यात जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात.)

जुन्या मॅचेस रात्रंदिवस चालवायची हौस असेल तर जरूर चालवा, त्याला 22 लाख लागत नाहीत. उपग्रह वाहिनीचा विचार तर सोडाच, तिथे बातम्या नसलेल्या चॅनेललाही कंपनीचं 5 कोटींचं नेटवर्थ लागतं.

तुळशीच्या लग्नापर्यंत किती करार हातात आले ते कळवा. पंधराच्या वर असतील तर तिसऱ्या कॅमेऱ्याचं बोलू.