हेपेटायटिस सी नेमका कोणाला होतो? होणाऱ्या नवऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, घरचे म्हणतात आधी मुलाची चौकशी करा.

चौकशी म्हणजे त्याच्या चारित्र्याचीच ना? हाच शब्द आमच्या घरात चार वर्षं फिरत होता, म्हणून लिहायला बसले.

माझ्या दादाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच्या रक्ततपासणीत अँटी-एचसीव्ही, म्हणजे हेपेटायटिस सीच्या विषाणूविरुद्धची अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आलं. संध्याकाळी मामा घरी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे सुया टोचून नशा करणाऱ्यांना होतं, नाहीतर बाहेरख्याली माणसांना. खरं काय ते सांगून टाक." दादाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. वहिनी काहीच बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दादाच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता, मुलांनी चुकून तो कप घेऊ नये म्हणून. दादाने दोरा पाहिला आणि त्याच कपातून मुकाट्याने चहा प्यायला.

मग आईला आठवलं. १९८६ साली, दादा नऊ वर्षांचा असताना सायकलवरून पडून त्याची प्लीहा फुटली होती. रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या होत्या. हा विषाणू सापडला १९८९ साली! त्या बाटल्या तपासायची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती. मी ही सालं कागदावर लिहून मामापुढे ठेवली. तो म्हणाला, "तीस वर्षं आजार गप्प बसतो होय?" बसतो. बहुतेकांना सुरुवातीला काही जाणवतच नाही. लिव्हर हळूहळू निबर होत जातं आणि संसर्ग टिकून राहिलेल्या शंभरातल्या १५ ते ३० जणांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो. दारू असेल किंवा एचआयव्ही, हेपेटायटिस बी सोबत असेल तर आणखी लवकर.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की बाधित रक्त दुसऱ्याच्या रक्तात गेलं की धोका. नशेसाठी एकमेकांची सुई वापरणं, नीट निर्जंतुक न केलेली सुई-सिरिंज, तपासणी सुरू होण्याआधी चढवलेलं रक्त, डायलिसिस, अस्वच्छ सुईने गोंदवणं, तुरुंगवास, बाळंतपणात आईकडून बाळाला. इजिप्तमध्ये सरकारनेच बिल्हार्झिया या जंतांच्या आजारावर इंजेक्शनांची मोहीम चालवली, त्याच त्या सुयांमधून हा विषाणू गावोगाव पसरला. त्या शेतकऱ्यांचं कुठलं चारित्र्य तपासणार?

एक चूक माझीही झाली. "आमचा दादा तसला नाही" हेच मी चार वर्षं ओरडत राहिले. म्हणजे सुई टोचून घेणारा असता तर मामाचं बरोबर ठरलं असतं का? लाजेपायी तपासणीला न जाणारे तेच जास्त असतात, आणि औषध त्यांनाही तेच लागू पडतं.

तुम्ही आधी एवढं बघा, आरएनए टेस्ट, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का ते सांगणारी तपासणी, झाली आहे का? अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात शिरला होता, इतकंच. काही जणांचा आपोआप जातो. आरएनएत सापडला तर साधारण ८ ते १२ आठवडे गोळ्या, शंभरात ९५ हून अधिक जण पूर्ण बरे होतात. दादा १२ आठवड्यांत झाला. सुरू करण्याआधी हेपेटायटिस बीची तपासणी मात्र करायलाच हवी, तो दबलेला असेल तर उसळू शकतो.

एका ताटात जेवून, मिठी मारून हा होत नाही. रेझर आणि टूथब्रश वेगळे ठेवा. नवरा-बायकोत शरीरसंबंधातून धोका कमी असतो, पण नाहीच असं नाही, डॉक्टरांशी बोला. बरं झाल्यावर पुन्हा होऊ शकतो, लस नाही.

आणि रक्त कधी चढवलं होतं का, ऑपरेशन झालं होतं का, हे त्याला विचाराल तेव्हा दोघंच असताना विचारा. दादाला सगळ्यांसमोर विचारलं होतं.