उन्हाळा, झोप आणि लेकरांची चिडचिड

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. एरवी तो समजूतदार आहे. परंतु यंदा एप्रिल लागल्यापासून सतत रडतो, धाकट्या बहिणीला चावतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत झोपत नाही. मागच्या वर्षी आम्ही कवेलूचे घर पाडून घरकुलाचे स्लॅबचे घर बांधले. सासूबाई म्हणतात नजर लागली, घरधनी म्हणतात लाडाने बिघडला. हवामानाने मूल असे वागू शकते का?

उत्तर : वागू शकते, ताई. आणि कारणाचा मोठा भाग तुम्ही घराबद्दल लिहिलेल्या त्या एका वाक्यातच आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता तासन् तास खोलीत सोडत राहतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. ते उतरत नाही म्हणून मूल कूस बदलत राहते. या वयाच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. ती रोज दोन-तीन तासांनी कमी पडली, तर कोणत्या लेकराचा स्वभाव जागेवर राहील?

दुसरे कारण पाण्याचे. मुलांच्या वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठ्यांपेक्षा जास्त असतो, शिवाय त्यांना घामही कमी येतो. त्यामुळे आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा त्यांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापते. तोंड कोरडे पडले आहे, डोके दुखते आहे, हे साडेतीन वर्षांच्या मुलाला नेमके सांगता येत नाही. ते चावून सांगते. मागण्याची वाट न पाहता दर तासाला माठातले पाणी, ताक किंवा पन्हे थोडे थोडे द्या. लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी कमी पडते आहे असे समजा.

स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारल्यास खोली कमी तापते, आणि हा उपाय फारसा खर्चिकही नाही. दिवस मावळल्यावर, पाणी पुरत असेल तर, स्लॅबवर शिंपडा आणि जमेल तेव्हा अंगणात बाज टाकून मुलाला झोपवा. कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर चांगला गारवा देतो. जूनमध्ये पावसाआधी हवेत ओल वाढली की तोच कूलर खोली चिकट करतो, आणि पारा उतरूनही मुले अधिक किरकिरी होतात. घरोघरी याच दिवसांत 'आता तर ऊन कमी झाले, मग का रडतो?' म्हणून मुलांना धपाटे बसतात. बाहेरचा खेळ सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावर होऊ द्या. दिवसभर कोंडलेले मूल रात्री दमलेले नसते.

चावणे मात्र उन्हाच्या नावावर माफ करू नये. न ओरडता त्याला बाजूला घ्या, 'चावायचे नाही' एवढेच सांगा आणि आधी पाणी पाजा. नजर काढण्याने अपाय नाही, त्यावरून सासूबाईंशी वाद घालू नका. पण मुलाचे अंग भाजल्यासारखे गरम लागले, ते बरळू लागले, झटके आले किंवा सुस्त पडून उठेना, तर मिठाने दृष्ट काढण्यात वेळ न दवडता १०८ वर फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत ओल्या फडक्याने अंग पुसत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. झड लागली की मुले अनावर होतात. काय करावे?

उत्तर : झडीत मुलांना घरीही धावायला जागा नसते. म्हणून आल्याबरोबर पाटी-चित्रांकडे न वळता पहिला अर्धा तास उड्या आणि अभिनयगीते घ्या. मग ती बसतात. दंग्यापेक्षा अधिक लक्ष गप्प मुलाकडे हवे. एरवी खेळणारे मूल कोपऱ्यात बसून राहिले, तर 'ढगाळ हवेने मरगळले' असे म्हणण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहा. तुमच्या भागात पावसाळा हा हिवतापाचा काळ आहे, आणि अंग गरम लागल्यास आशाताईंकडून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.