देवाचा प्रत्यक्ष अनुभव आला, तर श्रद्धा योग्य ठरते का?

अनुभव खरा असतो, घोटाळा होतो तो त्याच्या अर्थात. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितोय म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा आजीचा हात धरून मीही देवळात उभा होतो. स्टीलचा चमचा मूर्तीच्या सोंडेला टेकवला आणि दूध खरंच कमी होत गेलं. डोळ्यांदेखत! आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं, की पृष्ठताण आणि केशाकर्षणामुळे दूध वर ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या मूर्तीवर तो थर दिसतच नाही. म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती, तिने पाहिलं ते खरंच होतं.

झोपेत छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, त्याचंही तसंच. मेंदू जागा होतो, शरीर अजून झोपेत असतं. कोकणातला माणूस त्याला भूत म्हणेल, दुसरीकडचा सैतान. ज्याची गोष्ट लहानपणापासून कानावर पडली, तोच नेमका दर्शन द्यायला येतो, हे मला फार सूचक वाटतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स म्हणायचा, असा अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो प्रमाण, इतरांवर त्याची सक्ती नाही. मी तर म्हणेन, ज्याला येतो त्यानेही आधी मूर्तीखालच्या ताटलीत किती दूध साचलंय ते बघावं. आजीने मात्र शेवटपर्यंत चतुर्थी सोडली नाही, आणि त्यावरून मी तिच्याशी कधी वाद घातला नाही.