स्वीडनच्या बोफोर्स तोफांच्या खरेदीत दलाली खाल्ली म्हणतात, तरी कारगिलला तोफ चाललीच ना? मग भ्रष्टाचाराने युद्धात फरक काय पडतो?

पडतो, पण आपण बघतो तिथे नाही. तोफ मुळात चांगलीच होती. 1986 च्या करारात 410 आल्या आणि 1999 मध्ये टायगर हिलवर थेट नेम धरून मारा केला तो त्यांनीच. नुकसान झालं ते दलालीच्या आरोपानंतर. फायलीवर सही करायला कुणी धजेना. पुढच्या सौद्यांतही तेच. दक्षिण आफ्रिकेची डेनेल ही शस्त्रकंपनी 2005 ला काळ्या यादीत गेली. परदेशातून नवी तोफ यायला 2017 उजाडलं. बोफोर्स बनवायचे आराखडे करारातच मिळाले होते, ते इतकी वर्षं धूळ खात पडले. त्यावरून बेतलेली 'धनुष' लष्कराला मिळाली 2019 मध्ये!

त्यातही गोम आहेच. धनुषसाठी 'मेड इन जर्मनी' म्हणून दिलेली बेअरिंग चिनी निघाल्याचा गुन्हा सीबीआयने 2017 मध्ये नोंदवला. हलक्या दर्जाचं बेअरिंग काय करतं ते आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा. इथे तर प्रत्येक गोळ्यामागे अख्ख्या तोफेला हादरा बसतो, आणि शेजारी जवान उभे असतात. खानापूर-निपाणीकडे घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

युक्रेननेही भर युद्धात हे भोगलं. 2023 च्या सुरुवातीला सैन्यासाठी 17 रिव्नियाला (तिथलं चलन) एक अंडं, बाजारात 7 ला! त्याच वर्षी संरक्षणमंत्री रेझ्निकोव्ह यांना जावं लागलं.

माझं मत विचाराल तर दलालाला पकडा, पण त्यापायी तोफेची खरेदीच गोठवू नका.