पिशवी काढायची घाई नको

प्रश्न : माझं वय ४३. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून पाळीत फार जातं, रक्ताच्या गाठी पडतात. पहिले तीन दिवस वर्गात खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून बघते. हिमोग्लोबिन ८.४ आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात ३ सेंमीचा फायब्रॉइड निघाला. डॉक्टर म्हणाले, "पिशवी आणि दोन्ही अंडाशयं एकदमच काढू, नाहीतर पुढे कॅन्सरची भीती." सासूबाई म्हणतात, मुलं मोठी झाली, आता पिशवीचं काम काय? पण माझ्या जावेची तिशीतच काढली, ती तेव्हापासून कंबर धरून आहे. दिवाळीच्या सुट्टीत उरकून घेऊ का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी ते ८.४ बघू. एवढ्या कमी रक्तावर घाई नसलेलं ऑपरेशन कुणी करूच नये. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. जास्त जाण्याच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांनी रक्तस्राव बराच आटोक्यात येतो. मात्र पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. थायरॉइडही तपासून घ्या.

कॅन्सरचं म्हणाल तर फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ; तिचा कॅन्सर अगदी क्वचित आढळतो. चाळिशीनंतर इतके दिवस असं जात असेल तर खरी शंका आतल्या अस्तराची घ्यायची असते, आणि ती बायोप्सीने, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासला की, फिटते. तुमच्या पत्रात बायोप्सीचा उल्लेखच नाही. पिशवी काढायची ठरली तरी बायोप्सी आधीच व्हायला हवी, कारण अस्तरात काही निघालं तर ऑपरेशनच वेगळं होतं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअर ही तिथल्या पेशींची तपासणीही करा.

मग सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा वाचा. गाठ केवढी आहे यापेक्षा ती कुठे आहे ते महत्त्वाचं. पोकळीत डोकावत असेल तर बऱ्याचदा दुर्बिणीने खालूनच काढता येते, पोटावर टाकाही पडत नाही. भिंतीत असेल आणि पोकळीचा आकार बिघडलेला नसेल तर मिरेना बसवून बघा. तांबीसारखीच असते, पण तिच्यातून थोडं थोडं हार्मोन सुटतं. सुरुवातीचे काही महिने मधूनमधून डाग लागतात आणि बायका वैतागून काढायला येतात. मी त्यांना सहा महिने धीर धरायला सांगते, कारण पुढे रक्तस्राव बहुतेकींचा खूप कमी होतो.

अंडाशयांवर मात्र माझा राग आहे, म्हणजे ती सरसकट काढण्यावर. सोनोग्राफीत ती चांगली असतील, आई-मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला नसेल, तर ४३व्या वर्षी ती का काढायची? काढली की पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचाही धोका वाढतो. जाऊबाईंची अंडाशयं ठेवली होती का, ते जुन्या कागदांत बघा. काढली असतील तर त्यांना हाडांची तपासणी करायला सांगा.

तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना हीच कॅन्सरची भीती घातली होती.

आता दुसरी बाजू. मी स्वतः ही ऑपरेशनं करते. औषधं आणि मिरेना करूनही रक्त भरून निघत नसेल किंवा बायोप्सीत खराबी असेल, तर पिशवी काढणं हाच योग्य उपाय, आणि मग उगाच लांबवू नका. योनीमार्गे किंवा दुर्बिणीने होईल का, ते विचारा. अंडनलिका काढायला हरकत नाही, अंडाशयं ठेवायची हे संमतिपत्रावर लिहून घ्या. काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या.

दिवाळीची सुट्टी मात्र धरू नका. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि घरात फराळाचे डबे कोण हलवणार ते मला ठाऊक आहे. सुट्टीत बायोप्सी उरका, ऑपरेशन लागलंच तर वैद्यकीय रजा टाका.