विहिरीत रोज पोहायला सिटिझनची प्रोमास्टर डायव्हर (पाणबुड्यांसाठीचं घड्याळ) घ्यावी की साधी ५० मीटर वॉटर रेझिस्टंटवाली चालंल?

साध्या पोहण्याला ५० मीटर चालतं, पण आमच्याकडं परभणीत पोरं विहिरीच्या काठावरून मुटके मारतेत, तसं रोज करणार असाल तर २०० मीटरची डायव्हरच घ्या. माझ्या आधीच्या घड्याळावर पण वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं होतं, सेल बदलून आणला आन पुढच्याच उन्हाळ्यात काचेच्या आतून वाफ धरली, कारण मागचं झाकण उघडलं की आतली रबराची रिंग नीट बसवावी लागते. म्हणून मला इको-ड्राइव्हवालीच आवडते, उजेडावर चार्ज होते, झाकण सारखं उघडायचं कामच नाही.

प्रोमास्टर १९८९ पासूनची, त्याआधी १९८५ ला सिटिझननं ॲक्वालँड काढली होती, पाण्याची खोली मोजायचा इलेक्ट्रॉनिक सेन्सरच बसवलेला त्यात! पाण्यात किती वेळ गेला ते मोजायची डायव्हरच्या काचेभोवतीची बाहेरची रिंग एकाच बाजूला फिरते बघा, धक्का लागून सरकली तरी पाण्यात गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही, म्हणजे माणूस लवकर वर येतो, किती विचार केलाय. चावी स्क्रूची असली तर उतरायच्या आधी घट्ट पिळा, पाण्यात हात लावू नका, आन पट्टा रबरीच घ्या, चामड्याचा कुजतो.